'सर्व्हर डाऊन'च्या पाटीमागे काय असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'सर्व्हर डाऊन, रुग्ण ताटकळले' अशा अर्थाच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. कधी रुग्णालय असतं, कधी सातबाऱ्याची खिडकी, कधी कॉलेजचा परीक्षा अर्ज. मी या बातम्या बारकाईने वाचते, कारण बंद पडलेली नेटवर्कं चालू करणं हेच माझं काम आहे. भुसावळला राहून जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत चौदा वर्षं हेच करते आहे. खिडकीवर ती पाटी लागते तेव्हा कितीदा तरी सर्व्हर ठणठणीत असतो. बिघाड भलतीकडे असतो, तो कुणी शोधत नाही, आणि घाईत जे केलं जातं ते बिघाडापेक्षा वाईट असतं. गेल्या मे महिन्यात हे डोळ्यांनी पाहिलं, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्यतो पूर्ण छापावं ही विनंती.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावातलं धर्मादाय रुग्णालय. नाव लिहीत नाही. सोमवार होता, बाजाराचा दिवस, त्यामुळे पाड्यांवरून आलेली माणसं सकाळी सातपासून ओट्यावर बसलेली. नवीन इमारतीत आदल्या शनिवारी नोंदणी विभाग हलवला होता. साडेआठला संगणक चालू केले, तर नऊच्या नऊ यंत्रं नेटवर्कबाहेर. पाटी लागली. मला फोन आला तेव्हा मी यावलच्या अलीकडे होते. पोहोचले तेव्हा पावणेअकरा वाजले होते आणि केसपेपर निघायला लागले होते. व्यवस्थापक मला दारातच म्हणाले, "ताई, तुम्हाला उगाच त्रास दिला. चालू झालं."

कसं चालू झालं ते विचारलं. तिथे संगणक सांभाळणारा मुलगा आहे, विशीतला, मेहनती. त्याने मोठ्या शहरातल्या कंत्राटदाराला फोन लावला होता. त्यांनी पलीकडून सांगितलं की पोर्टवरचं ऑथेंटिकेशन काढून टाक आणि सगळे पोर्ट थेट व्हीलॅन २० मध्ये टाक. त्याने 'इंटरफेस रेंज' ही आज्ञा लिहून एक ते चोवीस, सगळे पोर्ट एका झटक्यात मोकळे केले. त्या मुलाला मी दोष देत नाही. समोर दोनशे माणसं उभी होती आणि त्याला दुसरं काही कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता हे व्हीलॅन आणि ऑथेंटिकेशन काय ते वाचकांसाठी सांगायला हवं. माझे वडील भुसावळ यार्डात सांधेवाले होते, केबिनच्या निरोपावर सांधा फिरवून गाडी ठरल्या रुळावर घेणारे, त्यामुळे मला ते रेल्वेच्याच भाषेत कळलं आणि तसंच सांगते. रुग्णालयात एकाच वायरिंगवर वेगवेगळे रूळ टाकलेले असतात. नोंदणीचा रूळ वेगळा, प्रयोगशाळेचा वेगळा, पाहुण्यांच्या वायफायचा वेगळा. या रुळांना व्हीलॅन म्हणतात आणि त्यांना १ ते ४०९४ पर्यंतचे क्रमांक देता येतात. भिंतीतल्या प्रत्येक सॉकेटची वायर स्विच नावाच्या पेटीतल्या एका खाचेत येते, त्या खाचेला पोर्ट म्हणतात. सॉकेटला कुणी संगणक जोडला की स्विच त्याला आधी ओळख विचारतो, हेच ऑथेंटिकेशन. या पद्धतीला ८०२.१एक्स म्हणतात. स्विच स्वतः काही ठरवत नाही, तो केबिनला विचारतो. केबिन म्हणजे रेडियस सर्व्हर. १९९१ च्या सुमाराला अमेरिकेत टेलिफोनवरून इंटरनेटला येणाऱ्यांची ओळख तपासायला हे तंत्र निघालं, नाव तेव्हाचंच राहिलं, आणि आज निम्मं जग त्यावरच उभं आहे. केबिनकडून दोन गोष्टी येतात: माणूस ओळखीचा आहे, आणि त्याला अमुक रुळावर घ्या. मग स्विच सांधा फिरवतो.

पोर्ट मोकळे करणं म्हणजे सांधे कुलूप न लावता एकाच बाजूला बांधून ठेवणं. वडिलांच्या वेळी असं कुणी केलं असतं तर त्याच दिवशी निलंबित झाला असता.

व्यवस्थापकांना हे पटवायला मी बोलले नाही, दाखवलं. ओट्यावरून आत आलं की बसायचा हॉल आहे. तिथे भिंतीलगत लोखंडी बाकडं, आणि बाकड्याखाली फरशीपासून वीतभर उंचीवर एक सॉकेट. टीव्हीसाठी ठेवलेलं, टीव्ही अजून लागलेला नाही. बाकड्यावर पारोळ्याकडची एक आजी बसली होती, तिने पाय वर घेऊन मला जागा दिली आणि विचारलं, "माय, नंबर कव्हय लागी?" मी खाली वाकून माझा लॅपटॉप त्या सॉकेटला जोडला. नाव विचारलं नाही, पासवर्ड विचारला नाही. चार सेकंदांत नोंदणी विभागाचा नेटवर्कवरचा पत्ता मिळाला. मी फक्त पिंग टाकलं, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारली, आणि केसपेपर ज्या सर्व्हरवर साठतात त्याने उत्तर दिलं. तिथेच थांबले. व्यवस्थापक माझ्या खांद्यावरून पाहत होते. त्या सर्व्हरवर त्या आजीचं नाव, गाव, आजार, मोबाइल क्रमांक, सगळं होतं, आणि दोनशे रुपयांची केबल घेऊन कुणीही त्या बाकड्यावर बसू शकला असता.

ही भीती हवेतली नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. कित्येक दिवस नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतचं काम हाताने कागदावर चाललं. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात कारण सांगितलं ते नेटवर्कची विभागणी नीट नसल्याचं. विभागणी म्हणजे हेच, मघाचे रूळ. देशातल्या इतक्या मोठ्या रुग्णालयाला जे भोवलं, ते आपण तालुक्याच्या गावात सोमवारी सकाळी स्वतःच्या हाताने करून ठेवलं होतं.

मी सगळ्यात आधी रिकामे पोर्ट बंद केले. नोंदणीचे चालू असलेले तसेच ठेवले, कारण ओट्यावरच्या माणसांना परत पाठवणं मला मान्य नव्हतं. एकच पोर्ट पुन्हा पहिल्यासारखा केला आणि त्यावर खरा बिघाड शोधायला बसले. यापुढचा भाग जरा तांत्रिक आहे, पण तो मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे हेच काम करणारी पुष्कळ मुलं-मुली आपलं दैनिक वाचतात.

संगणक जोडला. स्विचवर 'शो ऑथेंटिकेशन सेशन्स' विचारलं. उत्तर आलं: ऑथराइज्ड. म्हणजे ओळख पटली. पण व्हीलॅन दिसत होता १, आणि संगणकाला पत्ता मिळाला होता १६९.२५४ ने सुरू होणारा. हा पत्ता दिसला की समजावं, पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीपर्यंत यंत्र पोहोचलंच नाही आणि त्याने स्वतःच स्वतःला पत्ता लावून घेतला. खिडकीवर पाटी 'सर्व्हर डाऊन'ची, आणि समोरचा स्विच सांगतोय की सर्व्हरने ओळख पटवून दिली. ही एक ओळ सकाळी साडेआठला कुणी वाचली असती तर शोध तिथूनच सुरू झाला असता.

मग सर्व्हरकडे गेले. तिथे फ्रीरेडियस आहे, रेडियसचं फुकट मिळणारं आणि उत्तम सॉफ्टवेअर. चालू सेवा थांबवून ते डीबगमध्ये सुरू केलं की येणारा जाणारा प्रत्येक निरोप पडद्यावर अक्षरशः वाचता येतो. व्हीलॅन देण्यासाठी निरोपात तीन गोष्टी लागतात. २००३ च्या आरएफसी ३५८० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्या सांगून ठेवल्या आहेत. टनेल-टाइप, क्रमांक ६४, किंमत १३, म्हणजे व्हीलॅन. टनेल-मीडियम-टाइप, क्रमांक ६५, किंमत ६. आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडी, क्रमांक ८१, त्यात रुळाचा क्रमांक किंवा नाव. तिन्हीतलं एक जरी गळालं तरी सांधा फिरत नाही. मला आधी वाटलं, तेच झालं असेल. धुळ्याला एका कॉलेजात मी यापायी दोन दिवस घालवले होते: पीईएपी या ओळख पटवण्याच्या पद्धतीत खरी ओळख आतल्या सुरक्षित बोगद्यात पटते, आणि व्हीलॅनचा निरोप त्या बोगद्यातच राहतो, बाहेरच्या उत्तरात उतरतच नाही. त्यासाठी आतलं उत्तर बाहेर आणायची वेगळी तरतूद करावी लागते. इथे मात्र तिन्ही ओळी बाहेरच्या स्वीकृतीत स्वच्छ दिसत होत्या. ६४, ६५ आणि ८१ समोर '२०'. केबिनने निरोप बरोबर दिला होता.

राहिला स्विच. जुन्या इमारतीतला स्विच त्याच सर्व्हरवर दोन वर्षं बिनतक्रार चालू होता. मी दोघांची मांडणी, म्हणजे स्विचला दिलेल्या सूचनांची यादी, छापून घेतली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्या मुलाबरोबर ओळ-ओळ जुळवत गेले. पेन्सिलने खुणा करत. मला वाटतं या कामात याहून भरवशाची दुसरी पद्धत नाही. तिसऱ्या पानावर सापडलं. जुन्यात 'एएए ऑथेंटिकेशन'च्या ओळीखाली 'एएए ऑथरायझेशन नेटवर्क डिफॉल्ट ग्रुप रेडियस' अशी ओळ होती. नव्यात पहिली होती, दुसरी नव्हती. पहिली ओळ स्विचला सांगते, ओळख सर्व्हरला विचार. दुसरी सांगते, सर्व्हर जो रूळ सांगेल तो मान. दुसरी नसली की त्या जातीचा स्विच माणसाला आत घेतो, व्हीलॅनचा निरोप बाजूला ठेवतो आणि पोर्टवर आधीपासून जो रूळ असेल त्यावरच सोडतो. इथे तो होता १, आणि त्या रुळावर काहीच नव्हतं. चूकसंदेश नाही, लाल दिवा नाही.

ओळ टाकली. काही बदललं नाही. मुलगा हिरमुसला, म्हणाला, "मॅडम, ही नाही वाटतं." पण व्हीलॅन ओळख पटवतानाच ठरतो, आधी आत आलेल्याला नवा नियम आपोआप लागू होत नाही. पोर्ट बंद करून पुन्हा चालू केला. सत्र नव्याने उभं राहिलं, व्हीलॅन २०, पत्ता आला. त्या मुलाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. पुढचे पोर्ट त्यानेच केले, एकेक, प्रत्येकानंतर तपासून.

नऊपैकी सात लागले. प्रयोगशाळेचे नमुने घेतात तिथले दोन उलट आणखी बिघडले, आता ओळखच नाकारली जात होती. लॉगमध्ये, म्हणजे स्विच स्वतः ठेवतो त्या नोंदींत, सरळ लिहिलेलं होतं, अस्तित्वात नसलेला व्हीलॅन देण्याचा प्रयत्न. सर्व्हर नोंदणीसाठी क्रमांक पाठवत होता, पण प्रयोगशाळेसाठी नाव, 'लॅब'. जुन्या स्विचवर व्हीलॅन ३० ला ते नाव दिलेलं होतं. नव्यावर ३० तयार केला होता पण नाव द्यायचं राहिलं, त्यामुळे तो स्वतःहून लागलेल्या नावाने, 'व्हीलॅन००३०' म्हणून बसला होता. आधीची ओळ नसताना नावाचा प्रश्नच आला नव्हता, ती आली आणि हे उघडं पडलं. नाव दिलं, दोन्ही चालू. पाऊण वाजला होता. म्हणजे मूळ बिघाड एक विसरलेली ओळ आणि एक विसरलेलं नाव, आणि शोधायला दोन तास.

माझी खरी तक्रार इथून पुढे आहे. हे दोन तास लागायला नको होते. जुन्या स्विचची मांडणी मला मिळाली ती त्या मुलाने स्वतःहून कधीतरी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली होती म्हणून. रुग्णालयाकडे कंत्राटदाराने दिलेला एकही कागद नव्हता. कुठला व्हीलॅन कशासाठी, रेडियसचा सामायिक गुप्तशब्द कोणता, सर्व्हरचा पत्ता काय, रेडियसचा पोर्ट (हा स्विचवरची खाच नव्हे, सर्व्हरवर निरोप घेणाऱ्या दाराचा क्रमांक) १८१२ की जुना १६४५, कशाचीच नोंद नाही. मी बिल पाहिलं. त्यात स्विचचा मॉडेल क्रमांक होता, रॅकचा होता, केबलचे मीटर होते. खांद्याला फडकं लावून आलेला पाइपवाला नळ कुठून कुठे गेला ते भिंतीवर खडूने लिहून जातो. लाखांचं नेटवर्क लावणारे काही लिहून देत नाहीत आणि घेणारा मागत नाही, कारण मागायचं असतं हेच त्याला ठाऊक नाही.

म्हणून रुग्णालयं, पतपेढ्या, बाजार समित्या, शाळा-कॉलेजं चालवणाऱ्या विश्वस्तांना माझं हात जोडून सांगणं आहे. शेवटचं बिल देण्याआधी ती वही ताब्यात घ्या. रुळांची नावं आणि क्रमांक, प्रत्येक स्विचची मांडणी, गुप्तशब्द बंद पाकिटात, आणि सगळीकडे एकच नाव एकाच अर्थाने. मग कंत्राटदाराला समोर उभं करून दोन परीक्षा घ्या. आपल्या माणसाचा संगणक लावून तो योग्य रुळावर जातो का ते पाहा. आणि परक्या माणसाचा लॅपटॉप लावून तो अडतो का ते पाहा. पहिली सगळेच करतात, दुसरी कुणी केलेली मी अजून पाहिलेली नाही. सर्व्हरची वीज काढूनही बघा काय होतं, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की वीज जाणार आणि जिन्याखालचा रॅक तापणार हे धरूनच चालावं लागतं. सर्व्हर भेटेना तर कोणाला कुठल्या रुळावर घ्यायचं, हेही स्विचमध्ये आधी लिहून ठेवता येतं. मग पोर्ट मोकळे करायची वेळच येत नाही.

आणि तरीही कधी तात्पुरतं मोकळं करावं लागलं, तर ज्याने केलं त्याचं नाव, वेळ आणि पुन्हा लावायची वेळ कागदावर लिहून व्यवस्थापकाची सही घ्यावी. त्या दिवशी मी गेले नसते तर ते चोवीस पोर्ट आजही मोकळे असते. 'चालतंय ना, मग राहू द्या' हे वाक्य मी तिन्ही जिल्ह्यांत इतक्यांदा ऐकलंय की कुठल्या गावात काय राहू दिलंय त्याची यादी माझ्या वहीत वेगळी आहे. कायद्याच्या बाजूनेही हे चालणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. ऑथेंटिकेशन काढलं की कोण, कुठल्या सॉकेटवर, किती वाजता आलं, ही नोंद रेडियसकडे उरतच नाही. जपणार काय?

शेवटी आमच्या मुलांविषयी. पॉलिटेक्निकमध्ये मी पाहुणी म्हणून जाते तेव्हा व्हीलॅनची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. रेडियसचा डीबग वाचलेला एकही हात वर येत नाही. त्याला प्रयोगशाळा महागडी लागते असं नाही. फ्रीरेडियस फुकट आहे, ते जुन्या संगणकावर चालतं, आणि व्हीलॅन देऊ शकणारा जुना स्विच भंगाराच्या भावात मिळतो. शिकवताना एक ओळ मुद्दाम काढून ठेवावी आणि मुलांना शोधायला लावावं. तो रुग्णालयातला मुलगा एका दुपारी जे शिकला ते त्याला तीन वर्षांत मिळालं नव्हतं, असं तो मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला. आता त्याने त्या दोन्ही ओळी कार्डावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत, आणि खाली तारीख.

माझ्याकडे चोवीस पोर्टचे दोन जुने स्विच पडून आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या ज्या पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयला हवे असतील त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवावं, मी ते घेऊन येईन आणि दिवाळीपर्यंतचे रविवार शिकवायला देईन. त्याचे पैसे नकोत. फक्त खोलीला पंखा असावा आणि मुलांनी वही आणावी.

माझं नाव आणि पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. नाव छापल्यास ते रुग्णालय ओळखू येईल, आणि त्यांनी मला विश्वासाने सगळं दाखवलं, म्हणून ते छापू नये ही विनंती.

आपली,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, भुसावळ